रांगोळीनं घासलेला सिंह

आमच्या मालकांनी उभ्या जन्मात स्वतःच्या हातानं एकदाही दाढी केली नाही. मंगळवार आणि शनिवार सोडून कुठल्याही दिवशी ते न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसायचे, मान मागं टाकायचे आणि डोळे मिटायचे. अशा माणसाच्या घरात चांदीच्या दाढीच्या सामानाच्या नऊ पेट्या होत्या. कपाटात दोन, पलंगाखाली चार, देवघराच्या वरच्या फळीवर एक, आणि दोन माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत. लुगडी बाहेर दोरीवर.

ज्यानं असली पेटी पाहिली नसेल त्याला सांगते. बाहेरून चामड्याचा डबा. आत मखमल, आणि मखमलीत प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच. एका खाचेत फेस करायची वाटी, दुसरीत ब्रश, तिसरीत वस्तरा. मोठ्या साहेबाची पेटी असली तर साबणाची डबी आणि बारका आरसासुद्धा. आमच्या शहरात छावणीत गोऱ्या साहेबांचा मुक्काम होता, त्यांच्या मागं हे सामान राहिलं. कुणाच्या खानसाम्याकडं, कुणाच्या न्हाव्याकडं. साहेब गेले त्याला किती वर्षं झाली, पण त्यांची हजामत माझ्या पलंगाखाली आली.

पहिली पेटी आली तेव्हा पोरगा शाळेत होता. मालक चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते आणि त्यांची सुट्टी गुरुवारी असायची. गुरुवारी छावणीचा बाजार भरतो. मी त्यांना कांदे आणि वाळलेल्या मिरच्या आणायला पाठवलं. दुपारी आले ते काखेत एक चामड्याचा डबा घेऊन. कांदे नाहीत, मिरच्या नाहीत, पिशवी घडी घातलेली तशीच खिशात. छावणीतल्या एका म्हाताऱ्या न्हाव्यानं दुकान बंद केलं होतं आणि त्याच्या आज्यानं ज्या साहेबाची दाढी केली त्याची ती पेटी होती म्हणे. मालक उंबऱ्यातच बसून वाटी उलटी करून दाखवायला लागले, खाली सिंह कोरलाय बघ, चालणारा सिंह, हा शिक्का म्हणजे खरी विलायती चांदी.

मी बघितलं नाही. मी म्हटलं, "सिंह शिजवून घालू का पोराला?"

त्या दिवशी बघितलं असतं तर पुढचा सगळा ताप वाचला असता. पण चुलीवर आमटी होती आणि घरात कांदा नव्हता.

मग दिवाळी आली. आमच्याकडं दिवाळीच्या आधी घरातली चांदी रांगोळीनं घासतात. सासूनं शिकवलं तसं. रांगोळी म्हणजे अंगणात घालायची तीच पांढरी पूड. ओल्या फडक्यावर घ्यायची आणि अंगठ्यानं दाबून रगडायचं. देवाचं निरांजन, अत्तरदाणी, बाळाची वाटी, सगळं आरशासारखं निघतं. त्यात मी मालकांची पेटीही घेतली. चांदी म्हणतात ना, मग चांदीसारखी घासायची. वाटी डाव्या तळहातावर उलटी धरायची, बुडाच्या मधोमध अंगठा टेकवायचा आणि गोल गोल फिरवायचा. दिवाळीला घासली, दसऱ्याला घासली, नागपंचमीला घासली, कुणी पाहुणं येणार असलं तर मधीच घासली. मालक खूष व्हायचे. चकचकीत वाटी बघून म्हणायचे, बघ, चांदी बोलते. मला वाटायचं, बोलते तर एकदा कांदे कुठं राहिले ते तरी सांगावं.

पुढं त्यांना चटकच लागली. दर गुरुवारी छावणी, सुट्टी मिळाली की जुना बाजार, शहागंज. दुकानदार त्यांना लांबून ओळखायचे. "साब, निजाम के अफसर का है," असं कुणी म्हटलं की हे गार. निजामाच्या राज्यात इतके अफसर होते का आणि सगळ्यांना दाढ्याच होत्या का, असं मी विचारायची. एकदा वर चांदीचा मुलामा दिलेली पितळी वाटी आणली. महिन्यात काठ पिवळे पडले. एकदा ब्रश आणला, जड होता म्हणून. मुठीला पोचा आला होता तिथून काळं काहीतरी गळायला लागलं. आत लाख भरलेली. विलायती कारागीर मुठीला चांदीचा पातळ पत्रा लावून आत लाख भरायचे हे नंतर कळलं, तेव्हा वजनावर जाणं हाच गाढवपणा. मालकांनी मात्र तराजू घेऊन ठेवला होता.

शेवटी मी त्यांच्याबरोबर जायला लागले. हौस म्हणून नाही. घरातला माणूस रोज फसून येतो हे किती दिवस बघायचं?

जुन्या बाजारात एक म्हातारे दुकानदार होते. जुनी घड्याळं, कुलपं, दिवे असलं विकायचे. त्यांनी मला बघून एकदा भिंग पुढं केलं. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही, मी चौथी शिकले. ते म्हणाले, "अम्मा, पढना नई है. तस्वीर देखो." आणि त्यांनी एका चमच्याच्या पाठीवर तीन बारकी चित्रं दाखवली. एक चालणारा सिंह, पुढचा पाय उचललेला, शेपटी पाठीवर वळलेली. तो असला तर चांदी पक्की, शंभरात साडेब्याण्णव भाग. दुसरं चित्र गावाचं. बिबट्याचं तोंड असलं तर लंडन, जहाजाचा नांगर असला तर दुसरं एक गाव. तिसरं एकच अक्षर, ते कुठल्या वर्षी बनवलं ते सांगतं. आणि जिथं सिंह नाही पण चार इंग्रजी अक्षरं ओळीनं आहेत, ते मुलामा दिलेलं. ती चार अक्षरं मी आकारावरून पाठ केली. पहिलं फणीसारखं, तीन दात. शेवटचं सापासारखं.

मला ते अवघड गेलं नाही. माझा बाप मेंढरं राखायचा, पाचोडच्या आसपास. प्रत्येक घरच्या मेंढरांच्या कानाला वेगळी खूण कापलेली असायची. कुणाची टोकाला खाच, कुणाची मधी भोक, कुणाच्या डाव्या कानाला दोन चिरा. चार कळप एका पाणवठ्यावर मिसळले तरी सात वर्षांची मी आमची मेंढरं वेगळी काढायची. सिंह आणि बिबट्या त्यापेक्षा सोपे. ते पळत नाहीत.

तिथून पुढं बाजारात मालक बोलायचे आणि मी बघायची. वाटी उलटी करायची, जुन्या बाजारातूनच घेतलेलं भिंग लावायचं. सिंह आहे का. मग वस्तू खाचेत ठेवून बघायची. खरी पेटी असली तर वस्तू खाचेत अशी बसते की डबा उलटा केला तरी पडत नाही. चार ठिकाणचं गोळा करून एक पेटी केलेली असली तर ब्रश डुगडुगतो. मी मान हलवली की मालक डबा खाली ठेवायचे आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलायचे नाहीत. कधी मी मान हलवली तरी घ्यायचे. नऊ पेट्या अशाच झाल्या.

आणि शिकल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर घरी येऊन ती पहिली पेटी काढली. वाटी उलटी केली, भिंग लावलं. बूड गुळगुळीत. सिंह नाही, बिबट्या नाही, अक्षर नाही. बुडाच्या कडेला एक वाकडा ओरखडा होता, बस. ब्रशच्या मुठीवरही काही नाही. वस्तरा तर लोखंडाचा, त्याला हाडाची मूठ.

मी सांगितलं, खोटी आहे. न्हाव्यानं तुम्हाला बनवलं.

मालक म्हणाले, सिंह होता. मी म्हटलं, होता मग गेला कुठं, जंगलात? ते म्हणाले, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मी म्हटलं, तुम्ही कांदेपण आणले असंच सांगितलं असतं, मी पिशवी बघितली नसती तर. हे भांडण आमच्या घरात दरवर्षी दोन-तीनदा व्हायचं. पोराचं लग्न झालं, नातू झाला, मालक रिटायर झाले, भांडण तेच. पाहुण्यांना ते ती पेटी दाखवायचे आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायची, खोटी आहे. पाहुणे चहा पिऊन उठायचे.

खोटी ठरल्यावर मी ती आणखीच रगडायला लागले. खऱ्या पेट्या मी रिठ्याच्या पाण्यानं धुवायची आणि मऊ फडक्यानं टिपायची, जुन्या बाजारातल्या म्हाताऱ्यांनी तसंच सांगितलं होतं. ही मात्र देवाच्या भांड्यांबरोबर, रांगोळीनं. खोट्याचे काय लाड?

यंदा पोरानं बीड बायपासला फ्लॅट घेतला आणि आम्हाला मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांतून उचलायचं ठरवलं. सूनबाई सरळ बाई आहे. तिनं आधीच सांगितलं, बाबांच्या पेट्यांना हॉलमधल्या कपाटाचा एक खण मिळेल, त्यात तीन पेट्या बसतील. मग कुठल्या तीन? पोरगा म्हणाला, खऱ्या असतील त्याच न्यायच्या, खोट्या भंगारात. आणि खरं खोटं आई सांगेल. मालकांनी हे ऐकून मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर, बायको त्या पहिल्या पेटीपुरता तरी मान राखेल.

सामान न्यायचा टेम्पो आला त्या दिवशी मी नऊच्या नऊ पेट्या जमिनीवर मांडल्या. भिंग घेतलं. दोन वेगळ्या काढल्या. एक लंडनची, एक नांगरवाली. मी म्हटलं, बाकी सात पोत्यात घाला.

मालक उठले आणि पोत्यातून ती पहिली पेटी काढून मांडीवर घेऊन बसले. पोरानं समजावलं की बाबा, तिसऱ्या पेटीला जागा आहे, ठेवू की. पण मालकांना तसं नको होतं. जागा आहे म्हणून ठेवलेली पेटी त्यांना नको होती. मी माझ्या तोंडानं खरी म्हणावं, हे त्यांना हवं होतं.

"तू म्हण खरी," ते मला म्हणाले. "नाय तर मी इथनं हलत नाय. टेम्पो तुमचा तुम्ही न्या."

पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, आई, म्हण की. तुझं काय जातं? सूनबाईनंही डोळ्यांनी खुणावलं. मी म्हटलं, जे नाही ते आहे कसं म्हणू? माझ्या बापानं परक्याचं मेंढरू आपल्या वाड्यात कधी घेतलं नाही. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. पोरानं त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

मालक हलेनात म्हणून टेम्पो रोज पुढं ढकलला, असे चार दिवस गेले. मालक जेवायचे, पेपर वाचायचे आणि पेटी मांडीवर घेऊन बसायचे. भांडी सगळी बांधून खोक्यांत. मी एका पातेल्यात खिचडी करायची आणि त्याच पातेल्यात चहा. सत्तरी ओलांडलेला माणूस लहान पोरासारखा अडून बसलाय आणि त्याच्यापायी माझा तवा खोक्यात. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, चला, सराफाकडं दाखवू. तो म्हणाला खोटी, तर तिथल्या तिथं सोडायची. मालकांनी पेटी माझ्या हातात दिली पण स्वतः आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा बरोबर त्याच दिवशी दुखला.

मी मुद्दाम नांगरवाली खरी पेटीही पिशवीत घेतली, शेजारी ठेवून फरक दाखवता यावा म्हणून. सराफ्यात एक जुनं दुकान आहे, आमच्या घरची जोडवी तिथलीच. दुकानातले आजोबा माझ्याहूनही म्हातारे. त्यांनी वाटी हातात घेतली, टकटक वाजवली, मग बुडाच्या कडेला कानशीनं थोडंसं खरवडलं. वर मुलामा असला तर खरवडल्यावर आतलं पितळ दिसतं. ती खरवडलेली जागा कसाच्या दगडावर घासून रेघ ओढली, तेजाबाचा थेंब टाकला, मिठाचं पाणी टाकलं. रेघ दह्यासारखी पांढरी झाली.

"चांदी हाय, मावशी," ते म्हणाले. "चांगली हाय."

मी म्हटलं, परत एकदा करून बघा. त्यांनी ब्रशची मूठ घेऊन पुन्हा तसंच केलं. तिथंही पांढरं. मी म्हटलं, पण शिक्का कुठाय? विलायती चांदी शिक्क्याशिवाय नसते. आजोबांनी वाटी उजेडात तिरकी धरली, बुडावर अंगठा फिरवला, आणि माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं.

"मावशी, रांगोळीनं घासता का?"

मीही अंगठा फिरवला. बुडाच्या मधोमध खोलगट झालेलं होतं, अंगठ्याच्या आकाराचं. इतकी वर्षं मी ती वाटी हातात घेतली आणि मला वाटायचं ती तशीच बनवलीय. आजोबा म्हणाले, शिक्का आधीच हलका पडला असेल, त्यावर एवढी रांगोळी, काय राहणार? ब्रशवरचा तर हाताळूनही गेला असेल. आमच्या घरीपण देवाच्या भांड्यांवरची नावं अशीच गेली, बायका ऐकत नाहीत.

बायका ऐकत नाहीत हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

मग मी माझं भिंग काढलं. नांगरवाली वाटी शेजारी उलटी ठेवली. त्या वाटीवरच्या सिंहाची शेपटी बघितली, पाठीवर कशी वळते, टोकाला गोंडा कसा. मग पहिल्या वाटीच्या कडेचा तो ओरखडा बघितला, जिथं बुडाच्या कंगोऱ्यामुळं माझा अंगठा पोचत नव्हता. ओरखडा वळलेला होता. टोकाला गोंडा होता. खाली मागच्या पायाची टाच.

बाकीचा सिंह मी घासून टाकला होता. वर्षाला तीन-चार वेळा, सणासुदीला, देवासमोर.

पायऱ्या उतरून रिक्षात बसले तर डोक्यात बापाचं एक आठवत राहिलं. एखाद्या मेंढराचा कान काट्यात फाटला आणि खूण गेली, तर बाप कुणाशी वाद घालायचा नाही. संध्याकाळी सोडून द्यायचा आणि ते कुठल्या वाड्यात शिरतं ते बघायचा. मी सात वर्षांची असताना मला हे माहीत होतं. सत्तरीत विसरले. मालकांनी पेटी पोत्यातून काढून मांडीवर घेतली तेव्हा तरी माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं, पण मी सिंह शोधत होते.

रस्त्यात मनात आलं, नुसतं सांगावं की चांदी निघाली. शिक्का नाही, देशी कारागिराची असेल. कुणाला कळणार होतं? पण तेही जे नाही ते आहे म्हणण्यातलंच.

घरी गेले तर पोरगा आलेला होता, सूनबाई आली होती, टेम्पोवालाही दारात उभा. बहुतेक पोरानं ठरवलं होतं की आज मालकांना उचलूनच न्यायचं. मी पेटी खोक्यावर ठेवली.

"चांदी हाय," मी मालकांना म्हटलं. "सिंह होता. मी घासला."

मालकांनी वाटी काढली. मला वाटलं आता ऐकवतील, मनात तयारी करूनच आले होते. ते म्हणाले, "कुठं घासला? दाखव." मी खोलगा दाखवला. त्यांनी त्यात आपला अंगठा ठेवला. त्यांचा बसला नाही, मोठा आहे. मग शेपटी दाखवली. भिंगातून त्यांनी ती इतका वेळ बघितली की टेम्पोवाला बिडी ओढायला बाहेर गेला.

मग ते उठले, चप्पल घातली आणि टेम्पोत पुढं जाऊन बसले. पेटी मांडीवर. भांडी, गाद्या, मी, सगळं मागून.

त्यानंतर जे सुरू झालंय ते मात्र मला सहन होत नाही. फ्लॅटवर जो येईल त्याला आधी हॉलमधल्या कपाटासमोर उभं करायचं. लंडनची पेटी दाखवायची नाही, नांगरवाली दाखवायची नाही. ही काढायची, वाटी उलटी करायची, भिंग द्यायचं आणि सांगायचं, ही शेपटी बघा, बाकीचा सिंह आमच्या बायकोनं खाल्ला. चितेगावच्या जुन्या मित्रांना फोन करून सांगून झालं. दूधवाल्याला सांगून झालं. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका बाईला सांगितलं, ती बिचारी पाचव्या मजल्यावर उतरायची ती सातव्यावर गेली. मी स्वयंपाकघरातून आता काय म्हणणार? खोटी म्हणता येत नाही.

दिवाळीला मी देवाची चांदी घासायला काढली. खाली चटई घातली, ओलं फडकं घेतलं, वाटीत रांगोळी घेतली. मालक सोफ्यावरून उठले, कपाट उघडलं, पेटी काढली आणि माझं घासून होईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, बसा, मी काही हात लावत नाही. ते म्हणाले, तुझा भरवसा नाय. पेटी पुसायची ती आता तेच पुसतात, मऊ कापडानं, दुपारी पेपर वाचून झाल्यावर. पुसतात म्हणजे कापड फिरवतात. वाटी पार काळी पडली आहे. मला उठता बसता दिसते आणि हात शिवशिवतात, पण मी लावत नाही.